गोवा मेडिकल कॉलेज, बांबोळी: भाच्याची तीन ऑपरेशनं, झालेला खर्च आणि त्यातून काय मिळालं

भावाच्या मुलाची तिन्ही ऑपरेशनं बांबोळीला झाली, शेवटचं होऊन बरेच महिने झालेत आणि पोरगं आता भिंत धरून घरभर फिरतंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. मधल्या काळात ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून मला फोन येत राहिले, की बाळाला असं असं आहे, बांबोळीला न्यावं की बाहेर न्यावं, खर्च किती येईल, आणि मग जरा आवाज खाली करून, की एवढं सगळं करून उपयोग होतो का हो. सगळ्यांना फोनवर जे सांगते तेच इथे लिहून ठेवतेय. निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्याला घाई आहे त्याने इथेच थांबलं तरी चालेल. ऑपरेशन, डॉक्टर, एनआयसीयूतल्या (तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) सिस्टर यांना पाचपैकी पाच. खर्चाच्या मानाने जे मिळालं त्यालाही पाच, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, हिशोब खाली दिलाय. घरी आल्यावर सामान आणि आधार मिळवण्यासाठी जे करावं लागतं त्याला मात्र दोन, आणि ते दोन बांबोळीला नाहीत, इस्पितळाबाहेरच्या सगळ्या व्यवस्थेला आहेत.

आधी आजार काय ते. बाळाला शीची जागाच नव्हती. बाकी सगळं छान, वजन पावणेतीन किलो, रडणं खणखणीत, पण गुदद्वार तयारच झालेलं नाही, तिथे नुसती एक खळी. डॉक्टर याला अॅनोरेक्टल मालफॉर्मेशन म्हणतात, साधारण ५००० बाळांत एकाला असतं, म्हणजे आपल्या एवढ्याशा गोव्यातही दर वर्षी तीनचार बाळं अशी येत असणार. आईने काय खाल्लं, ग्रहणात बाहेर गेली का, कोणाची नजर लागली का, याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आमच्या वहिनीला हे सगळं ऐकावं लागलं म्हणून मुद्दाम लिहितेय. पोटातल्या सोनोग्राफीत हे बहुतेक वेळा दिसतही नाही, त्यामुळे अठरा-वीस आठवड्यांचा अॅनोमली स्कॅन नॉर्मल आला होता मग असं कसं, हा प्रश्नही डॉक्टरांना विचारण्यात अर्थ नाही.

पण जन्मल्यावर मात्र हे दिसायलाच पाहिजे. बाळ एका खासगी नर्सिंग होममध्ये झालं, नाव घेत नाही. पहिल्या दिवशी बाळाला नीट उलटंसुलटं करून बघणं हे कोणत्याही बाळंतपणात पहिलं काम, त्याला ना मशीन लागतं ना पैसा, दोन मिनिटं लागतात. ते झालं नाही. दुसऱ्या दिवशी पोट टम्म फुगलं, बाळ दूध ओकायला लागलं, आम्हाला सांगितलं गॅस असेल, ढेकर नीट काढा. आमच्या आईने दुपटं बदलताना बघितलं की अजून एकदाही काळी शी झालेली नाही, मग पाय वर करून बघितलं आणि तिने हाक मारली ती मी अजून विसरले नाहीये. त्यानंतर मात्र नर्सिंग होमने भराभर हालचाल केली, १०८ आली, डिचोलीहून बांबोळी, नाकातून पोटात नळी घालून आणि सलाईन लावून. वाटेत बाळाची उलटी हिरवी झाली. तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतडं कुठेतरी अडलंय असंच धरायचं आणि सर्जन असलेल्या इस्पितळात पोचायचं, घरी ओवा-हिंग लावत बसायचं नाही, हे मला तिथल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

बाळ वाटेत असतानाच एका नातेवाइकाने सुचवलं की सरकारीत कशाला, गोव्याबाहेर एका मोठ्या खासगी इस्पितळात ओळख आहे. भावाने फोन केला, पहिल्याच ऑपरेशनचा अंदाज लाखाच्या पुष्कळ वर आणि तोही एनआयसीयूचे दिवस वाढले नाहीत तर, आणि आधी डिपॉझिट. भाऊ पूर्वी खाणीवर टिप्पर चालवायचा, खाणी बंद पडल्यापासून भाड्याची गाडी चालवतो, त्याच्याकडे एका कंपनीची आरोग्य विम्याची पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले. तिथे विचारलं तर बाळ नव्वद दिवसांचं झाल्यावरच पॉलिसीत घेता येईल. असा नियम बऱ्याच पॉलिसींत असतो, मातृत्वाचं कव्हर वेगळं घेतलं असेल तरच पहिल्या दिवसापासून बाळ धरतात. आता जन्मजात दोषाचं बाळ पहिल्या नव्वद दिवसांतच मरतं किंवा वाचतं, मग त्या विम्याचा उपयोग कोणाला, हे मला अजूनही कोणी समजावून सांगितलेलं नाही. घरात कोणी गरोदर असेल तर आजच पॉलिसी काढून 'न्यू बॉर्न' असं लिहिलेलं पान वाचा.

बांबोळीला पोचल्यावर बालशल्य विभागाच्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं, एक्सरे, पोटाची आणि किडनीची सोनोग्राफी, हृदयाचा इको, मणक्याचा फोटो. मला वाटलं शीच्या जागेचा प्रश्न आहे तर हृदय कशाला बघताय. तर हा दोष बऱ्याचदा एकटा येत नाही, मणका, हृदय, अन्ननलिका, किडनी यांतही काहीतरी असू शकतं, म्हणून सगळं बघूनच भूल द्यायची. आमच्या बाळाची एक किडनी जरा फुगलेली निघाली, बाकी ठीक. मग डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे पेनने चित्र काढून भावाला दाखवलं, हे मोठं आतडं, हे खाली येऊन इथे बंद झालंय, आणि इथून एक बारीक वाट लघवीच्या नळीत उघडतेय, म्हणून लंगोटावर हिरवट लघवी दिसली. एका ऑपरेशनचं काम नाही, तीन लागतील. पहिलं आज, पोटावर आतडं उघडायचं म्हणजे शी तिथून बाहेर येईल आणि बाळाला दूध पाजता येईल. दुसरं दोनतीन महिन्यांनी, खरी जागा तयार करायची. तिसरं त्यानंतर, पोटावरचं तोंड बंद करायचं. भाऊ गप्पच, त्याला तीन हा आकडाच झेपेना. शेजारी एक वयस्क सिस्टर उभ्या होत्या त्या म्हणाल्या, 'कांयच जावचें ना, आमगेर अशीं भुरगीं बरीं जावन घरा गेल्यांत.' म्हणजे काही होणार नाही, आमच्याकडे अशी मुलं बरी होऊन घरी गेलीत. ते ऐकून भावाने सही केली.

दुसऱ्या ऑपरेशनबद्दल थोडं लिहिते, कारण ते समजल्यावर मला या लोकांबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला. ही पद्धत अल्बर्टो पेन्या नावाच्या मेक्सिकोतल्या सर्जननी १९८० साली पहिल्यांदा केली आणि १९८२ मध्ये जगापुढे मांडली. त्याआधी सर्जन बऱ्याच अंशी अंदाजाने आतडं खाली ओढायचे. पेन्यांनी बाळाला पालथं झोपवून, कंबर वर करून, बरोबर मधोमध रेषेत छेद घेतला, म्हणजे आतलं सगळं डोळ्यांना दिसतं. स्नायू कुठे आहे हे शोधायला विजेचा अगदी बारीक झटका देणारं यंत्र वापरतात, स्नायू आकसला की कळतं शी धरून ठेवणारी कडी इथे आहे, आणि नवीन जागा बरोबर तिच्या मध्यातून काढतात. पाचसहा किलोच्या बाळाच्या, काही मिलिमीटर जाडीच्या स्नायूंवर हे काम. त्यात लघवीच्या नळीला जोडलेली वाट वेगळी करायची ती सगळ्यात नाजूक, तिथे धक्का लागला तर पुढे आयुष्यभर लघवीचा त्रास. आपल्या बांबोळीत सामान्य माणसाच्या पोराला हे मिळतं. १८४२ साली पोर्तुगिजांच्या काळात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ही परंपरा आहे, आणि आपण मात्र बांबोळी म्हटलं की पहिली गर्दीची आणि पार्किंगची गोष्ट काढतो.

आता खर्च, कारण फोन त्यासाठीच येतात.

सरकारी इस्पितळात आजारी तान्ह्या बाळाचा उपचार मोफत असतो, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो २०११ ला सुरू झाला, आधी तीस दिवसांच्या बाळापर्यंत होता आणि नंतर एक वर्षापर्यंत वाढवला. औषधं, तपासण्या, रक्त, नेआण हे सगळं त्यात येतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मजात दोष शोधून पुढे पाठवायचं काम होतं. शिवाय आपलं गोव्याचं दीन दयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड, २०१६ चं, निदान पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांसाठी, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाख. थोडक्यात ऑपरेशन थिएटर, भूल, सर्जन, एनआयसीयू यासाठी भावाच्या खिशातून नाव घेण्यासारखं काही गेलं नाही.

मग खर्च झाला कुठे? बॅगमध्ये झाला. पोटावरून शी बाहेर येते तिथे जी पिशवी चिकटवतात ती कोलोस्टोमी बॅग. तान्ह्या बाळाच्या मापाची आमच्या भागातल्या एकाही फार्मसीत मिळाली नाही, मोठ्या माणसाची मिळायची, ती बाळाच्या पोटावर लावली की कड पार बरगडीपर्यंत आणि मांडीपर्यंत जायची. लहान मापाची म्हापसा-पणजीला सांगून ठेवावी लागायची, एकेक शे-दोनशेच्या घरात, चांगल्या कंपनीची त्याहून महाग, आणि ती दोनतीन दिवस टिकली तर नशीब, बाळाने पाय झाडले की सुटली. वहिनीला गृह आधार या गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेतून मिळणारे दीड हजार महिन्याला सरळ बॅगमध्ये जायचे आणि तेही पुरायचे नाहीत. नंतर सिस्टरनी दुसरी रीत शिकवली आणि ती मला सगळ्यांना सांगायचीय. बॅग नाही मिळाली तरी बाळ अडत नाही. कोमट पाण्याने पुसायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं, झिंक ऑक्साइडची पेस्ट तोंडाच्या भोवती जाड लावायची, पुसताना सगळी पेस्ट खरवडायची नाही, वरची घाण तेवढी काढायची आणि परत थर द्यायचा. वर जुन्या मऊ सुती धोतराची घडी आणि त्यावर पट्टा. बाहेर जाताना बॅग, घरी घडी. आतड्याचं तोंड लालगुलाबी आणि ओलसर असलं पाहिजे, त्याला हात लागला तर बाळाला दुखत नाही, थोडं रक्त आलं तर घाबरायचं नाही, पण काळपट पडलं किंवा आतडं जास्त बाहेर यायला लागलं तर लगेच इस्पितळ. आमच्या आईने पहिल्या आठवड्यात हातच लावला नाही, नंतर तीच सगळ्यात सफाईने करायला लागली.

बाकीचा खर्च म्हणजे बुडलेली भाडी. फॉलोअपला जायचं म्हटलं की भावाचा दिवस गेला, बाळाला घेऊन कदंबच्या सरकारी बसमध्ये पणजीपर्यंत आणि तिथून दुसऱ्या बसने बांबोळी हे पावसाळ्यात शक्य नाही, मग स्वतःची गाडी, पेट्रोल. इस्पितळात राहणाऱ्या माणसाचं जेवण, चहा, रिचार्ज, घरी थोरल्या मुलीला बघायला कोणीतरी. मी पतसंस्थेत काम करते, कर्जाचे अर्ज रोज हातातून जातात, आणि आता कारणाच्या रकान्यात 'आजारपण' दिसलं की मी विचारते, ऑपरेशनला की वरच्या खर्चाला. बहुतेक वेळा उत्तर वरच्या खर्चाला असंच येतं. हे फक्त आमच्याकडेच आहे असंही नाही. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभराचा अभ्यास करून सांगितलं की ऑपरेशनच्या बिलापायी वर्षाला ३ कोटी ३० लाख लोक आर्थिकदृष्ट्या कोलमडतात, आणि प्रवास, राहणं, जेवण अशा बाहेरच्या खर्चापायी त्याशिवाय आणखी ४ कोटी ८० लाख. बिलापेक्षा बाहेरचा खर्च जास्त घरं मोडतो. सरकारने ऑपरेशन मोफत केलं म्हणजे काम झालं असं जे समजतात त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

आता तो हळू आवाजातला प्रश्न. उपयोग होतो का, एवढे लाख एका बाळावर घालण्यापेक्षा... पुढचं वाक्य कोणी पूर्ण करत नाही, पण आमच्या घरातही एका मोठ्या माणसाने ते जवळजवळ पूर्ण केलं होतं. म्हणून मी माझ्या धंद्यातला हिशोब लावला. समजा तिन्ही ऑपरेशनं, एनआयसीयू, औषधं, नंतरच्या तपासण्या मिळून सरकारला एका बाळामागे ३ लाख पडले असं धरू. बाळ वाचलं की सत्तर वर्षं जगेल, आपल्या देशाचं सरासरी आयुष्य तेवढं आहेच. ३ लाख भागिले ७०, म्हणजे आयुष्याच्या एका वर्षाला साधारण ४,३०० रुपये. पण अर्थशास्त्रवाले असं सरळ भागत नाहीत, ते पुढची वर्षं आजच्या किमतीत आणतात, आम्ही पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढतो तसंच, आणि दर साधारण ३ टक्के धरतात. तसं केलं की सत्तर वर्षांची आज एकोणतीसच उरतात. म्हणजे वर्षाला साधारण १०,३०० रुपये. आणखी कडक व्हायचं तर सगळी बाळं वाचत नाहीत हेही धरा, पाचातलं एक दगावतं असं घेतलं तरी आकडा १३,००० च्या आसपास थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेची जी जुनी मोजपट्टी होती तिच्याप्रमाणे निरोगी आयुष्याचं एक वर्ष देशाच्या दरडोई उत्पन्नापेक्षा कमी पैशात मिळत असेल तर उपचार अतिशय किफायतशीर. ती ढोबळ आहे, संघटनेने स्वतःच नंतर ती डोळे झाकून वापरू नका म्हटलं, पण आपलं दरडोई उत्पन्न २ लाखांच्या आसपास आणि खर्च १३,००० असताना पट्टी थोडी इकडे-तिकडे झाली म्हणून उत्तर बदलत नाही. माझा ३ लाखांचा आकडा कोणाला कमी वाटला तर दुप्पट करा, तिप्पट करा, तरी बसतं. सत्तरीतल्या माणसाच्या ऑपरेशनला आपण असा प्रश्न विचारत नाही, विचारूही नये, पण मग ज्याच्यापुढे अख्खी सत्तर वर्षं आहेत त्याच्याच बाबतीत का विचारतो? मला वाटतं बाळाचं अजून बारसं झालेलं नसतं, ओळख झालेली नसते, म्हणून.

पाचातलं एक हे मी मनाने घेतलेलं नाही. २०२१ मध्ये लॅन्सेटमध्येच ७४ देशांतल्या २६४ इस्पितळांतल्या ३,८४९ बाळांचा अभ्यास आला, आमच्या बाळाच्या दोषासह पोटाचे-आतड्यांचे सात जन्मजात दोष धरून. श्रीमंत देशांत शंभरातली साधारण ६ बाळं दगावली, आपल्यासारख्या मधल्या देशांत २०, आणि गरीब देशांत जवळजवळ ४०. दोष तेच. फरक पडतो तो बाळ कधी पोचलं, वाटेत गार पडलं का, भूल देणारा तयार होता का, नंतर सलाईनमधून पोषण मिळालं का, जंतुसंसर्ग टाळला का यात. गोव्याचं नशीब हे की पार दक्षिण टोकाच्या काणकोणहून निघालं तरी दोनेक तासांत बांबोळी येते. पण ती दोन मिनिटांची पहिली तपासणी जिथे होत नाही तिथे हा फायदा वाया जातो, आमच्या बाळाचा पहिला दिवस तसाच गेला.

वॉर्डात बाकीची बाळं बघितली आणि स्वस्त उपचार म्हणजे हलका उपचार हा माझा जुना समज पार गेला. बाजूला एक बाळ होतं, डोक्यात पाणी, त्याला शंट बसवायचा होता, म्हणजे डोक्यातलं जादा पाणी कातडीखालच्या नळीने पोटात सोडायचं. त्याचे बाबा काकुळतीला येऊन विचारत होते की परदेशी शंट आणू का, कर्ज काढतो. मी नंतर याबद्दल वाचलं. उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला छाब्रा शंट बनतो, युगांडात १९५ मुलांवर त्याची आणि एका नावाजलेल्या परदेशी शंटची तुलना झाली, २००५ मध्ये छापून आली, छाब्राची किंमत ३५ डॉलर आणि परदेशीची ६५०, आणि वर्षभरानंतर निकालात फरक नाही. वाकड्या पावलाच्या बाळांचं तर आणखी सोपं, पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाय थोडा सरळ करून प्लास्टर, अशी पाचसहा प्लास्टरं, मग टाचेची शीर सुई टोचल्याइतक्या छेदातून मोकळी करायची आणि पुढे खास बूट, सुरुवातीला जवळजवळ दिवसभर आणि मग रात्री, चार वर्षांपर्यंत. प्लास्टर आणि बूट, बस्स, आणि मूल चालतं. बूट मधेच सोडले तर मात्र पाय परत वळतो. फाटलेला ओठ आणि टाळू हेही साधारण ७०० बाळांत एकाला असतं. जगातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रत्येक देशाला परवडतील अशा ४४ अत्यावश्यक शस्त्रक्रिया निवडल्या, त्यांत ओठ-टाळू, वाकडं पाऊल, डोक्यातलं पाणी आणि आमच्या बाळाचं ऑपरेशन ही चारही आहेत.

दुसऱ्या ऑपरेशननंतरचा काळ आम्हाला सगळ्यात कठीण गेला. नवीन जागा आक्रसू नये म्हणून दोन आठवड्यांनंतर स्टीलच्या गुळगुळीत सळ्या, डायलेटर, जेल लावून दिवसातून दोनदा घालायच्या, अर्धा मिनिट धरायच्या, दर आठवड्याला एक नंबर वाढवत बाळाच्या वयाला योग्य बारा-तेरा नंबरपर्यंत न्यायचं. हे आईने घरी करायचं. बाळ रडतं, आई रडते, शेजारीण येऊन म्हणते सोडा आता, छळ करताय पोराचा. सोडलं तर जागा आवळते आणि परत ऑपरेशन, म्हणजे सरकारचा आणि तुमचा आधीचा सगळा पैसा पाण्यात. वहिनीने एक दिवसही चुकवलं नाही. मला विचाराल तर या संपूर्ण उपचारातलं सगळ्यात मोलाचं काम तिचं, आणि ते कुठल्याच हिशोबात धरत नाहीत. तिसऱ्या ऑपरेशननंतर शी पहिल्यांदाच खालून व्हायला लागते, आणि तिथल्या कातडीला त्याची सवय नसते, त्यामुळे सुरुवातीला दिवसात पंधरावीसदा होते आणि सालपटं निघतात, तेव्हा तीच झिंकची पेस्ट जाड थराने. हळूहळू कमी होतं.

बाहेरच्या व्यवस्थेला दोनच मार्क का दिले ते आता कळलं असेल. बाळाच्या मापाच्या बॅगा तालुक्याच्या आरोग्य केंद्रात ठेवायला काय लागतं, वर्षाला सगळ्या गोव्यात किती बाळांना लागणार त्या. डायलेटर कसा धरायचा हे दाखवायला प्राथमिक केंद्रातली एक सिस्टर शिकवून ठेवली तर निम्म्या फेऱ्या वाचतील. फॉलोअपच्या दिवसाला गरजू घराला प्रवासाचे पैसे मिळाले तर लोक मधेच सोडणार नाहीत. ऑपरेशनवर लाखो घातल्यावर या शे-पाचशेसाठी हात आखडता घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडून येणाऱ्यांना तर आणखी अवघड, २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क आहे, तेव्हा त्यांनी महाराष्ट्रातली आपली योजनेची कागदपत्रं सोबत घेऊनच निघावं आणि पोचल्याबरोबर समाजसेवा कक्षात विचारावं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. बाळाला उबदार गुंडाळून न्या, आतडं अडल्याची शंका असेल तर तोंडाने काहीच पाजू नका, जन्माची चिठ्ठी आणि आईच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट घ्या, बाळाची आई नुकतीच बाळंत असेल तर तिच्यासोबत एक बाई हवीच. पहिल्या दिवशीच एक फाइल करा आणि डिस्चार्जचा कागद प्रत्येक वेळी त्यातच ठेवा, कारण तीन ऑपरेशनांत डॉक्टर बदलू शकतात. पुढच्या बाळंतपणाच्या आधी फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करा, ती मणक्याच्या आणि डोक्याच्या दोषांसाठी आहे, आमच्या बाळाच्या दोषासाठी नाही, पण रोजची ४०० मायक्रोग्रॅम अगदी स्वस्तात मिळते आणि ती दिवस जायच्या आधीपासून घ्यावी लागते, कारण मणक्याची नळी पहिल्या २८ दिवसांतच बंद होते, तोपर्यंत बऱ्याच जणींना कळलेलंही नसतं.

आमच्या बाळाची किडनीची सोनोग्राफी अधूनमधून चालू आहे, फुगवटा कमी झालाय. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही म्हणून औषध चालू. शी कळणं, धरून ठेवणं हे तीन वर्षांचा झाल्यावर खरं समजेल, डॉक्टरांनी सांगितलंय की लघवीच्या नळीला खालच्या बाजूला जोडलेली वाट आणि मणक्याचा खालचा भाग चांगला असला की बहुतेक मुलं शिकतात, आणि नाही जमलं तर रोज एकदा एनिमा देऊन पोट साफ ठेवायची पद्धत आहे, मूल शाळेत स्वच्छ जातं. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.